वजनाचा पाव

"तीन किलोचा पाव! त्याला काय पाव म्हणायचं? आपल्या घरात त्याला बिस्कीट म्हणतात."

आत्याबाई, म्हणजे सासऱ्यांची बहीण, थोरल्या सुनेच्या कानाशी पुटपुटल्या. पुटपुटल्या हे त्यांचं मत. बाहेरच्या खोलीत धाकटी सून, बाळंतीण, बसली होती, तिच्यापर्यंत ते नक्की पोचलं असणार, आणि पोचावं अशीच त्यांची इच्छाही असणार. स्वयंपाकघर इतकं अरुंद की दोघी उभ्या राहिल्या तर एकीच्या मनातलं दुसरीला ऐकू यावं. थोरलीनं हातातली बशी पुसली, ठेवली आणि तीच पुन्हा उचलून पुसायला घेतली.

"आत्याबाई, पोरगी पिते, झोपते, वेळेवर रडते. अजून काय करायचं तिनं?"

"मी कुठं वाईट म्हणतेय? गोडच आहे. पण तुझा नवरा जन्मला तेव्हा नर्स म्हणाली होती, हे दोन महिन्यांचं मूल कुठून उचलून आणलंत? पाच किलोला जरासा कमी! त्याचा पाव टेबलाच्या बाहेर आला होता. मी स्वतः पाहिलाय."

हे थोरलीनं लग्न होऊन आल्यापासून इतक्यांदा ऐकलं होतं, की न पाहिलेल्या त्या पावाचा तिला वासही येत असे.

सासऱ्यांनी खालची भट्टी विकत घेतली आणि त्याच वर्षी त्यांना पहिला मुलगा झाला. आनंदाच्या भरात त्यांनी मुलाच्या वजनाचा एकच एक पाव भाजला. तेव्हापासून घरात मूल आलं की वजनाचा पाव आलाच. बापानं सगळ्यांसमोर उभं राहायचं. एका हातावर मूल, दुसऱ्या हातावर पाव. दोन्हींचा भार जोखायचा आणि खणखणीत आवाजात सांगायचं, "बरोबर!" मग पाव कापायचा, आणि रुसलेल्या माणसानंसुद्धा एक तुकडा खायचा. पाव जेवढा मोठा, तेवढ्या माना ताठ. खाली पीठ फुगलं की चांगलं झालं म्हणायचं, आणि वर मूल फुगलेलं जन्मलं की चांगलं झालं म्हणायचं. भट्टीवाल्यांना फुगण्यापलीकडची परीक्षा माहीत नव्हती.

सासरे पन्नाशीही न गाठता गेले. थोरला, तिचा नवरा, तर त्यांच्याहूनही कमी वयात गेला, भट्टीसमोरच, हातात सकाळचा पहिला ट्रे घेऊन. दोघांच्याही बाबतीत घरात एकच वाक्य बोललं जाई, "उष्णता बाधली." हे वाक्य माईंचं, म्हणजे सासूबाईंचं. त्यापुढे कुणी काही विचारलं, की माई म्हणत, "भरल्या घरात नको तो विषय." घर कितीही रिकामं झालं तरी माईंच्या हिशेबी ते भरलेलंच होतं.

थोरली ते वाक्य ऐकून घेई आणि काउंटरवर जाऊन उभी राही. तिला दवाखान्यात सांगितलेलं सगळं आठवत होतं. पण बोलायची सुरुवात कुठून करायची हेच तिला तीन वर्षं सापडलं नव्हतं.

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. अशी पावलं घरात एकाच माणसाची. नणंद आली. ती हॉस्पिटलात तपासणीच्या खोलीत काम करायची. लोकांच्या मानेवर थंडगार जेल लावून यंत्राची कांडी फिरवायची आणि आतल्या रक्तवाहिन्या पडद्यावर दाखवायची. दिवसभर माणसांना आतून बघत असल्यामुळे की काय, बाहेरून कुणाची भीड ती ठेवत नसे. आल्या आल्या तिनं थोरलीला दंडाला धरून जिन्याच्या कठड्यापाशी नेलं.

"वहिनी, गुरुवारी काय झालं?"

"कुणी सांगितलं?"

"धाकटीनं. तिला खालच्या कामगारांकडून कळलं. आणि मला आज सकाळी. तू होतीस ना तिथं?"

थोरली होती. पाव बाहेर काढायचं लांब दांड्याचं फावडं धाकट्या दिराच्या हातातून सुटून खाली पडलं होतं. तो उचलायला वाकला, पण उजव्या हाताची बोटं मिटेनात. काहीतरी बोलायला गेला तर तोंडाचा एक कोपरा ऐकेना. ती धावत पाणी घेऊन आली, तोवर तो हसत उभा होता. "उष्णता, वहिनी. भट्टीचा पंखा बघायला पाहिजे."

"वन्सं, मला वाटलं..." थोरली कठड्यावरचं पीठ पुसू लागली.

"काय वाटलं?"

"वाटलं, मी बोलले तर सगळे म्हणतील, हिला सगळीकडे स्वतःच्या नवऱ्याचंच दिसतं."

नणंदेनं तिच्याकडे पाहिलं, आणि दंडावरची पकड जराशी सैल केली.

"ऐक. आमच्या डॉक्टरबाई आज सुट्टी असून थांबल्यात. मी गाडी घेऊन आलेय. मानेच्या नसा बघायच्या, प्रेशर बघायचं, लागलं तर दाखल करायचं. त्या म्हणाल्या, हा पक्षाघाताचा इशारा होता आणि तो एकदाच मिळतो असं धरून चाला. मी त्याला आज घेतल्याशिवाय जाणार नाही. सरळ आला तर ठीक, नाहीतर पिठाच्या पोत्यासारखा."

"पाव कापल्यावर?"

"मी तर म्हणते आत्ता. पण तो ऐकतोय का बघ. जा तू. तुझं ऐकतो तो."

तसा तो सगळ्यांचंच ऐकायचा. ऐकून "बघू" म्हणायचा.

*

खाली भट्टीची खोली नेहमीसारखी तापलेली होती. धाकटा टेबलाजवळ उभा राहून शीळ घालत होता. देह भरदार, चेहरा गोल, कोपरापर्यंत पीठ. त्याला बघून कुणालाही वाटावं, हा माणूस शंभर वर्षं जगणार आणि बाकीच्यांना पोचवून मग निवांत झोपणार. थोरल्याकडे बघूनही असंच वाटायचं.

"या वहिनी! वर आत्याबाईंनी माझ्या लेकीला किती नावं ठेवली?"

"एकच ठेवलं. बिस्कीट."

तो मान मागे टाकून हसला. हसता हसता त्यानं डावा हात टेबलावर टेकला. उजवा त्यानं पोटाशी धरलेला होता, झोपलेल्या मांजराला धरावं तसा. थोरलीनं ते पाहिलं, आणि तिनं पाहिलं हे त्यालाही दिसलं.

"भावोजी, वन्सं गाडी घेऊन आल्यात."

"ताई म्हणजे ना, कुणी शिंकलं तरी त्याच्या मानेवर जेल लावेल." त्यानं विषय झटकला. "तो पाव तेवढा वर न्याल? झालाय. माझे हात पिठाचे आहेत."

आजवर प्रत्येक वेळी भट्टीवाल्यानं तो पाव स्वतः वर नेला होता. थोरलीनं फडक्यात गुंडाळलेला पाव उचलला आणि ती जागच्या जागी थांबली.

ज्या बाईनं आयुष्य काउंटरवर काढलंय तिला काट्याची गरज पडत नाही. आणि याच बाईनं हॉस्पिटलात धाकटीची पोर तासभर मांडीवर घेतली होती.

"हे आपल्या पोरीचं वजन नाही, भावोजी."

"अंदाज चुकला थोडा. पीठ घेताना जास्त घ्यावं लागतं ना, भट्टीत पाणी उडतं. आज कमी उडालं."

"तुमचा अंदाज चुकतो?"

तो पिठातच बोटानं रेघा ओढत म्हणाला, "माझं आहे. मी जन्मलो तेव्हाचं. साडेचारच्या वर होतो मी. काही बोलू नका वहिनी. आत्याबाई एवढ्या लांबून आल्यात. माई गेले दहा दिवस तोंड पाडून बसलीय, म्हणते घराची चव बदलली. एक पाव जरा मोठा झाला तर कुणाचं काय जातंय? सगळे खूश होतील."

"आणि तुमची बायको?"

"तिला कुठं कळणारे?"

हे त्याचं खरं मत होतं. थोरलीला रागच आला. धाकटी पोहायला शिकवायची. पाण्याला घाबरणाऱ्या माणसांना हौदात उतरवणं हा तिचा रोजचा धंदा. गरोदरपणात तिच्या रक्तात साखर निघाली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी तिला सांगितलं, खा, दोघांचं खा. ती मात्र सरळ नणंदेकडे गेली. नऊ महिन्यांतले निम्मे महिने तिनं मोजूनमापून खाल्लं, जेवण झालं की खालचा रस्ता दोनदा चालून आली, स्वतःच्या हातानं पोटात इन्सुलिनची सुई टोचली. खाली ताज्या पावाचा वास सुटलेला असताना वर बसून उकडलेल्या भाज्या खाणं काय असतं, हे ज्यानं केलंय त्यानंच सांगावं. आणि मग तिला बेताच्या वजनाची, धडधाकट मुलगी झाली. या घरातली बहुधा पहिलीच.

"भावोजी, पावाचं तुमचं तुम्ही बघा. पण दवाखान्यात चला. आत्ता."

"आधी पाव. मग बघू."

थोरली त्याचं जन्माचं वजन छातीशी धरून जिना चढली. तो तिच्या मागून येत होता. मधल्या वळणावर त्याची पावलं थांबली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. या घरात तसं पाहायचं नसतं, हे तिच्या अंगात मुरलं होतं. वर पोचल्यावर मात्र तिला स्वतःचीच शरम वाटली.

*

बाहेरच्या खोलीत टेबल मधे ओढलं होतं. माई खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. आत्याबाईंनी पावाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगंबाई! मी उगाच काळजी करत होते. चांगला आहे की!"

धाकटी पोरीला घेऊन आली. तिनं पाव पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं. नणंद दाराला टेकून उभी होती, हातात गाडीची किल्ली. ती किल्ली ती बोटाभोवती गरगर फिरवत होती, आणि माईंना तो आवाज खुपत होता.

"ती किल्ली ठेव गं खाली. पाव कापायच्या आधी कुणी निघत नाही."

"मी कुठं निघालेय? मी वाट बघतेय."

"चल रे बाळा," आत्याबाई म्हणाल्या. "होऊ दे तुझं."

धाकटा खोलीच्या मधोमध उभा राहिला. त्यानं पोरीला डाव्या हातावर घेतलं. सगळे बाप उजव्या हातावर मूल घेत आले होते. हा बदल थोरलीच्या नजरेतून सुटला नाही, धाकटीच्याही नाही. मग त्यानं उजवा हात पुढे केला.

"ठेवा वहिनी."

थोरलीनं पाव त्याच्या हातावर ठेवला. पण सोडेना. तिच्या हाताखाली त्याचा हात थरथरताना तिला जाणवत होता.

"सोडा ना," तो हसत म्हणाला. कपाळावर घाम होता.

तिनं सोडला.

क्षणभर तो उभा होता, पोर आणि पाव दोन्ही घेऊन, तोंड उघडून, तो एक शब्द बोलायच्या बेतात. मग उजवा हात आपोआप खाली गेला, दोरी कापावी तसा. पाव जमिनीवर आपटला, एकदा उलटला आणि टेबलाखाली जाऊन थांबला. पोरगी डाव्या हातावर होती. ती दचकली आणि तिनं भोकाड पसरलं.

धाकटी दोन पावलांत त्याच्यापाशी पोचली. पोहताना दमलेल्या माणसाकडे ती ज्या वेगानं जाते त्याच वेगानं. तिनं पोरीला त्याच्या हातातून काढून घेतलं. हळूच, पण काढून घेतलं. धाकट्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तिथंच होतं. ते कुठं ठेवावं हे त्याला कळत नव्हतं.

"घाम आला असेल हाताला," आत्याबाई घाईनं म्हणाल्या. "खाली काय कमी तापतं?"

"उष्णता," माई म्हणाल्या. "त्याला पाणी द्या कुणीतरी."

धाकटीनं पोरीला थोरलीकडे दिलं, गुडघ्यावर बसली आणि टेबलाखालून पाव बाहेर ओढला. तो हातात तोलत ती उठली.

"हा कुणाच्या वजनाचा आहे?"

तिनं पाव टेबलावर ठेवला.

"मी हिला नऊ महिने वागवलंय. मला सांगू नका हा हिचा आहे."

"अंदाज..." धाकट्यानं सुरुवात केली.

"तुझा? अंदाज?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मी पोटात सुया टोचून घेतल्या. तुम्ही सगळे समोर बसून खात होता आणि मी बघत होते. हिचं वजन बेतात आलं तेव्हा डॉक्टरबाईंनी माझी पाठ थोपटली. आणि तुला त्याची लाज वाटली? एवढी की तू खोटा पाव भाजलास?"

"लाज नाही गं. माणसं खूश व्हावीत म्हणून..."

"मी नाही का माणसांत?"

"जाऊ दे आता," आत्याबाई मधे पडल्या. "मोठाच पाव केला ना? लहान तर नाही केला! घरची रीत आहे. आपली पोरं जड जन्मतात, खात्यापित्या घरची. त्यात कुणाचं काय बिघडलं?"

नणंदेची किल्ली फिरायची थांबली.

"बिघडतं, आत्या."

"झालं! आता ही शिकवणार."

"शिकवते. बस खाली." नणंद दार सोडून पुढे आली. "जड जन्मणं हा आजार नाही. कितीतरी जड मुलं ठणठणीत म्हातारी होतात. पण आईच्या रक्तात साखर जास्त असली की ती बाळाकडे जाते, आणि बाळ फुगतं. अशा जड बाळांच्या रक्तवाहिन्या तपासल्या तर त्यातल्या काहींच्या भिंती जन्मतःच जाड दिसतात. थोड्याशाच. तेव्हा काही होत नाही. पण त्या भिंतीवर पुढे वजन चढलं, प्रेशर चढलं, साखर आली, की ती इतरांच्या आधी कडक होते, आधी अरुंद होते. म्हणून जो जड जन्मला त्यानं लवकर तपासायचं, लवकर जपायचं. एवढंच. घाबरायचं नाही, पण बघायचं."

"जन्माचं वजन चाळिशीत नडतं होय?" आत्याबाईंनी हात झटकले. "मग उद्या म्हणशील माझ्या दाताला आजोबांच्या भांडणानं कीड लागली."

धाकटा खो खो हसला. एकटाच. उजवा हात त्यानं पुन्हा पोटाशी धरला होता.

"माझ्यामुळे," माई एकदम म्हणाल्या. "म्हणजे माझ्यामुळे झालं म्हण ना सरळ. माझ्या पोटात होती साखर."

"नाही माई. तेव्हा तुला तपासायला सांगितलं कुणी? सुईसुद्धा दाखवली नव्हती तुला कुणी. तुला साठीत कळलं साखर आहे ते. न कळलेल्या गोष्टीचा दोष नसतो. कळल्यावर बसून राहण्याचा असतो." ती भावाकडे वळली. "चल."

"ताई, संध्याकाळचं पीठ भिजवलंय मी. ते थांबत नाही. उद्या सकाळी येतो, शप्पथ."

"पीठ कामगार बघतील."

"त्यांना नाही जमत."

"मग फेकून देऊ," धाकटी म्हणाली.

भट्टीच्या घरात असं कुणी कधी बोललं नव्हतं. आत्याबाईंनी कानांवर हात ठेवले. धाकट्यानं थोरलीकडे पाहिलं. नेहमीसारखं, मदतीला. इतकी वर्षं दोन्ही बाजूंचं झाकून घेणं हे थोरलीचं काम होतं, आणि ती ते फार नीट करायची. आताही तिच्या ओठावर वाक्य तयार होतं: आधी सगळ्यांनी चहा घेऊ या.

हातातली पोर रडून रडून शांत झाली होती. तिची मूठ थोरलीच्या बोटाभोवती घट्ट आवळलेली होती, आणि ती पकड एवढीशी असूनही सुटत नव्हती.

"मी वन्संच्या बाजूनं आहे, भावोजी," थोरली म्हणाली. "माझ्या मुलीला मी दरवर्षी घेऊन जाते वन्संकडे. कॉलेजातून सुट्टीला आली की आधी प्रेशर, मग जेवण. तीही जड जन्मली होती, तिचा पाव याच टेबलावर कापला. ती कुरकुर करते, पण येते. ठणठणीत आहे. तुम्ही तिच्याहून लहान आहात का?"

"वहिनी, तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा. गुरुवारी मी बघितलं आणि गप्प बसले. मघाशी जिन्यात तुम्ही थांबलात, तेव्हाही गप्प बसले. आता नाही बसणार."

"जिन्यात कुठं थांबलो? चप्पल निसटली होती."

"चप्पल तुम्ही भट्टीपाशीच काढली होती."

आत्याबाईंनी त्याच्या पायांकडे पाहिलं. मग माईंकडे. त्यांच्या तोंडातला पुढचा शब्द तोंडातच राहिला, आणि असं होताना त्यांना या खोलीत कुणी पाहिलं नव्हतं.

धाकटा खुर्चीत बसला. राग आला की तो लाल व्हायचा. आता मात्र तो फिकट दिसत होता. "तुम्ही सगळ्या मिळून मला आजारी पाडा आता. आपल्या घरात कुणी असं नाजूक नव्हतं. बाबा शेवटच्या दिवसापर्यंत भट्टीवर होते. दादा तर शेवटच्या मिनिटापर्यंत..."

खोलीत प्रत्येकाला नजर ठेवायला काहीतरी सापडलं: आत्याबाईंना टेबलक्लॉथ, धाकटीला खिडकी, नणंदेला हातातली किल्ली. थोरली मात्र कुठंच बघायला गेली नाही. ती सरळ माईंकडे बघत राहिली. तिला वाटलं, आता ते वाक्य येणार. उष्णता बाधली. भरल्या घरात नको तो विषय. ते आलं की पाव कापला जाईल, चहा होईल, धाकटा पीठ बघायला खाली जाईल, आणि आपण सगळ्याजणी कप विसळत त्याच्या पावलांचा आवाज ऐकत बसू.

माई उठल्या. त्यांना उठायला वेळ लागायचा, गुडघ्यांमुळे, आणि एरवी नणंद पटकन हात द्यायची. आज तिनं दिला नाही. माई टेबलाला धरून, खुर्चीला धरून, स्वतःच्या चालीनं धाकट्यापर्यंत आल्या. त्यांनी त्याचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला. पालथा केला, उताणा केला. बोटं एकेक करून मिटवून बघितली. लहानपणी नखं कापताना बघायच्या तशी.

"दाब," त्या म्हणाल्या.

"माई, काय हे..."

"माझा हात दाब. जोरात."

त्यानं दाबला. म्हणजे दाबायचा प्रयत्न केला. खोलीतल्या बाकीच्या चौघींना त्याच्या कपाळावरची शीर दिसली, आणि माईंच्या हातावर मात्र काहीच झालेलं दिसलं नाही.

"दाबलास?"

"दाबला की."

माईंनी मान हलवली. थोरलीला वाटलं होतं त्या रडतील. पण त्यांचा आवाज सकाळी भट्टी पेटवायची सूचना द्यावी तसा निघाला, स्वच्छ आणि कोरडा.

"सूनबाई," त्या थोरलीला म्हणाल्या, धाकट्याचा हात न सोडता. "डॉक्टरांनी तुला काय सांगितलं होतं? त्याच्याबद्दल."

थोरलीनं पोरीला छातीशी धरलं. "नस बंद झाली म्हणाले, माई. हृदयाची. बऱ्याच दिवसांपासून भरत आली होती म्हणाले. आधी आणलं असतं तर..."

"तर?"

"तर उघडता आली असती."

"हं." माईंनी ते ऐकून घेतलं. तीन वर्षं ते शब्द याच घरात होते, आणि आता कुठं त्यांना बसायला जागा मिळाली. "मला माहीत होतं. त्याच्या बापाचंही माहीत होतं. मी कुणाला बोलू दिलं नाही. बोललं नाही म्हणजे घडलं नाही असं वाटायचं मला."

"माई, आता कशाला ते," आत्याबाई हलकेच म्हणाल्या. "भरल्या घरात..."

"घर भरलेलं नाही," माई म्हणाल्या. "दोन माणसं कमी आहेत त्यात."

मग त्या धाकट्याकडे वळल्या. जो शब्द त्यांनी कधी कुणाला उच्चारू दिला नव्हता, दूरच्या ओळखीच्या माणसासाठीसुद्धा, तो त्यांनी स्वतःच्या पोटच्या पोरासमोर, त्याच्या तान्ह्या लेकीसमोर, सरळ उच्चारला.

"तुझ्या दादाला उष्णता बाधली नव्हती, बाळा. तो नसा तुंबून मेला. आणि आत्ता ताईबरोबर खाली उतरला नाहीस, तर तूही तसाच मरशील."